चांदणीखालची ओळ

दवाखान्यातल्या काट्यावर लीलाचं वजन साडेआठ किलो भरलं. दीड वर्षाची पोर, आणि तीन महिन्यांत काटा जागचा हलला नव्हता.

"दूध किती देता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डब्यातली पावडर देते. दोन कप. पाण्यात."

"डबा आणा बरं."

डबा पिशवीतच होता. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं: दुधात किंवा पाण्यात मिसळा. खाली कोष्टक: एका कपात नऊ ग्रॅम प्रथिनं. लीलाच्या वयाला दिवसाकाठी सतरा-अठरा लागतात, हे मी पुस्तकातून काढलं होतं. बे नव्वे अठरा! म्हशीचं दूध पोरीला जड जातं, त्यापेक्षा हे बरं, असं सासूबाईंना मीच ऐकवलं होतं. जेवताना लीलानं तोंड फिरवलं तरी मी फार आग्रह करायची नाही. कोष्टक भरलं होतं ना!

डॉक्टरीणबाईंनी नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. शेजारी मोहरीएवढी चांदणी होती. तशीच चांदणी डब्याच्या पार बुडाशी, आणि तिच्यापुढं इंग्रजीत मुंगीच्या पायासारखी ओळ: दोनशे मिलिलिटर दुधासह.

नवातले सात ग्रॅम दुधाचे होते. पोरीला मी तीन महिने दोन-दोन ग्रॅमांचं गोड पाणी पाजत होते.

त्याच आठवड्यात शिवाजी पेठेतल्या आमच्या महिला मंडळात त्या कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, गोड बोलणारा. टेबलावर डब्यांचा मनोरा. "ताई, एका कपात नऊ ग्रॅम!" म्हणत त्यानं ढवळायला घेतलं. भांड्यात अर्थातच दूध होतं.

मी लीलाला कडेवर घेऊन उठले. "पाण्यात करून दाखवा."

"पाण्यातही छान लागतं, ताई."

"चव नाही विचारत. पाण्यात किती ग्रॅम?"

तो हसला. "तसं सहसा कुणी देत नाही."

"डब्यावर तुम्हीच लिहिलंय, दुधात किंवा पाण्यात!"

"खाली खुलासा छापलाय ना. आम्ही काही लपवलेलं नाही. आपण शिकलेल्या दिसता, वाचायला हवं होतं."

बी.ए. झालेय मी. मोठी अक्षरं मराठीत आणि खरी ओळ इंग्रजीत, ती कुणासाठी? मी डबा उचलला आणि ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी मराठीत वाचली. दोनदा.

मागं चिमणाबाई बसल्या होत्या. आमच्या गल्लीत त्यांच्या चार म्हशी. त्या तिथनंच ओरडल्या, "म्हंजे गुण माझ्या म्हशीचा, आन् नाव तुझ्या डब्याचं व्हय रं?"

हशा उसळला. मेहमुदा पहिल्या रांगेत होती. तिनं नुकताच घेतलेला डबा टेबलावर आपटला. "पैसे परत द्या, पावणं!"

तो माणूस घाईघाईनं माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "ताई, बाळासाठी आमच्याकडून एक डबा भेट. बसा ना."

"हिचे तीन महिने भेट देता?"

लीला त्याच्या भांड्याकडं हात करून रडायला लागली होती.

चिमणाबाईंनी माझा दंड धरला. "चल घरला. आत्ता धार काढायचीच हाय."

गोठ्यात त्यांनी फेसाळ पेला भरून पुढं केला.

"तापवून द्या हं," मी म्हणाले.

"अगं, अजून पुस्तकं वाच की!" त्या करवादल्या, पण चुलीवर पातेलं ठेवलं.

दूध निवेपर्यंत लीलाला दम नव्हता. माझ्या हातातला पेला ओढत होती, नखं रुतवत होती. प्यायली ती एका दमात. ओठांवर पांढरी मिशी, आणि पेला परत चिमणाबाईंपुढं.

"घे आणिक. भुकेली हाय की गं पोर," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्याकडं बघवेना.