घरचा मेंढा

"आक्का, अंजना तुझ्या घरात देत न्हाई मी," सिदू म्हणाला, आणि कडूबाईच्या हातातला नारळ हातातच राहिला.

तलवाड्याहून उन्हातान्हात चालत आलेली थोरली बहीण. फडक्यात चोळीचा खण, गुळाचा खडा. ती काही विचारायला आली नव्हती, ठरवून टाकायला आली होती. भावाची लेक बहिणीच्या लेकाला द्यायची, ही मेंढपाळांच्या वस्तीतली रीतच. त्यात विचारायचं काय?

"डोकं फिरलं का तुजं?" ती हसली. "माज्या बंकटात काय खोट हाय?"

"बंकटात खोट न्हाई."

"मंग?"

सिदूची नजर छपराच्या सावलीत घोंगडीवर बसलेल्या आपल्या लेकाकडे, रामहरीकडे गेली. चौदा वर्षांचा असताना हा पोरगा लांडग्यामागे धावायचा. आता विशीत पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत नेताना निम्मं पाणी छातीवर सांडायचं. आधी पाय गेले, मग जीभ जड झाली. नारायणगडाला नवस झाले, वडवणीच्या मांत्रिकाने तीन कोंबड्या खाल्ल्या आणि गुण काही आला नाही. सिदू मनाशी म्हणायचा, आपल्याच कपाळी लिहिलंय हे. झाडावरून पडला, असं तो लोकांना सांगायचा.

चार दिवसांपूर्वी कारकून मोहनराव मर्दुमशुमारीला आला होता. सरकारला माणसं मोजायची हौस आली होती. त्याच्या कागदात वेडा, मुका-बहिरा, आंधळा आणि महारोगी एवढ्यांचेच रकाने.

"याला कशात बसवू?" त्याने विचारलं.

"कशातच न्हाई, सायब. पाय साथ देत न्हाईत त्येचे."

मोहनरावाने लेखणी कानावर ठेवली. "तलवाड्यापासून इथपर्यंत हा सहावा, सिदू. सगळे तुमच्या सोयऱ्यांतलेच. बाकी गावांत असा एक दिसला नाही."

सिदूने घरं विचारून घेतली. सगळी माहितीतली, लग्नकार्यात जेवलेली. एका घरी पोरगी विहिरीत घसरली होती म्हणे, दुसऱ्या घरी पोरगा ओढ्यात भ्यायला होता. जो तो झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बसलेला. आणि त्या साऱ्या घरांत आई ही बापाच्या मामाचीच लेक. सिदूची बायको छबुबाईसुद्धा त्याच्या मामाचीच.

"आक्का," तो म्हणाला, "दर दोन सालाला तुमी मेंढा कावून बदलता?"

"घरचाच ठिवला तर कोकरं लुळी निपजत्यात. हे काय इचारनं झालं?" बोलता बोलता ती थांबली. तिचा चेहरा उतरला आणि मग संतापाने लाल झाला. "माज्या लेकाला मेंढा म्हनतूस?"

"मी बी त्योच हाय, आक्का. मामाचीच पोरगी केली मी."

दारात उभी असलेली छबुबाई आत गेली. सिदूला ते फार लागलं. पण मेंढरांना लावलेली अक्कल माणसांना लावायची राहून गेली होती, आणि निदान अंजनाच्या वेळी तरी ती लावायलाच हवी होती.

"हे असलं घर बगून परका कोन करील तिला?" कडूबाई कडाडली.

"न्हाई केली तर ऱ्हाईल तशीच," सिदू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे मंग. आजपून मला भाऊ न्हाई."

तिने नारळ फडक्यात बांधला आणि पाणीसुद्धा न पिता ती निघाली. घरी आलेल्या बहिणीला वस्तीच्या कडेपर्यंत पोचवायचं असतं. सिदू मान खाली घालून बसून राहिला. उठला तो रामहरी. छपराची मेढ धरून उभा राहिला, मेढ सोडून दोन पावलं टाकली, "आ... त्ये" म्हणाला आणि धाडकन मातीत पडला.

कडूबाई वळली. सिदू धावला, तर तिने हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. भाच्याच्या बगलेत हात घालून तिने त्याला उठवलं, घोंगडीवर बसवलं आणि पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसली. तो काहीतरी बोलत होता. तिने कान त्याच्या ओठांजवळ नेला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"येती रं, राजा," ती म्हणाली.

मग भावाकडे न बघता तिने तलवाड्याची वाट धरली.