सतराव्या कॅसेटची दुसरी बाजू

राउटर माझ्या दारामागे बसवला तेव्हाच मी म्हटलं होतं, ही ब्याद वर न्या. पण तार माझ्या खिडकीतून आत येते, म्हणून डबा माझ्याकडे. वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊ, खाली मी एकटी. हे गेल्यापासून गेली नऊ वर्षं आमचं बोलणं कामापुरतं, आणि कामं मी कमीच ठेवते.

दीर टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेले. घरातल्या कुठल्याही वायरीला हात लावायचा हक्क फक्त आपला, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी त्या डब्याच्या पाठीत एक हार्ड डिस्क जोडली, साबणाच्या वडीएवढी, आणि जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "वहिनी, आता सगळं एका ठिकाणी. तुम्ही खाली बघा, आम्ही वर बघू. फोटो, सिनेमे, आईचा आवाजसुद्धा."

आईचा आवाज म्हणजे माझ्या एकेचाळीस कॅसेट.

सासूबाई चौदा महिने अंथरुणाला खिळून होत्या. मी तेव्हा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्री विभागाची मुकादम. सकाळी सहाला त्यांचं सगळं उरकून कामावर, दुपारी तीनला परत येऊन पुन्हा त्यांचंच. दीर तेव्हा दुसऱ्या गावी बदलीवर. एक रविवार सोडून यायचे, फळं घेऊन. फळं महाग असायची, हे मी नाकारत नाही. पण सासूबाई गेल्या त्या दिवशी, दारात माणसं उभी असताना, ते म्हणाले, "आईचं आम्ही शेवटपर्यंत केलं." लोकांनी माना डोलावल्या आणि ते कायमचं ठरून गेलं. त्या 'आम्ही'मध्ये मी किती होते, ते विचारायला मला तेव्हा फुरसत नव्हती. मी आत गादी गुंडाळत होते.

ह्यांनी त्या चौदा महिन्यांत आईचं बोलणं टेप करून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी स्टुलावर रेकॉर्डर ठेवायचे आणि काहीबाही विचारायचे. तिचं लहानपण, शाळा, कोण कुणाशी भांडलं. सतराव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर मी आहे. मी चादर बदलत होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हिनं केलं. माझ्या पोटच्यांनी नाही."

ह्यांनी खटकन रेकॉर्डर बंद केला. मला म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस." मी बोलले नाही. हे असेपर्यंत ती कॅसेट कधी लावली गेली नाही, कारण त्यांचा जीव धाकट्या भावात होता. नंतर कॅसेट होत्या, पण त्या वाजवायचं यंत्र बिघडलेलं. दुकानदार म्हणाला, आजी, याचे पट्टे आता कुणी बनवत नाही.

दिरांकडे एक चालू टेपरेकॉर्डर होता, म्हणून मी त्या त्यांना दिल्या. मला कमी लेखू नका, पूर्ण विचार करून दिल्या. मला त्यांच्याच हातून ते वाक्य या घरात आणायचं होतं.

"एकही गहाळ झाली तर बघा," मी म्हटलं.

"वहिनी, छत्तीस वर्षं साठ हजार लोकांची बोलणी सांभाळली मी. तुमच्या एकेचाळीस डब्यांचं काय घेऊन बसलात?"

दोन महिने लागले. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की जणू तास त्यांनीच शोधून काढला. मग माझ्या टॅबलेटवर 'आई' नावाचा कप्पा दिसायला लागला. मी सतरावी उघडली. सुरुवातीला सासूबाई शाळेच्या वाटेवरच्या विहिरीबद्दल सांगत होत्या. पाच मिनिटांत आवाज अडकला, पडद्यावर ते चक्र फिरत राहिलं. वर जाऊन सांगितलं तर दीर म्हणाले, "डबा गरम झाला असेल. थोडा दम धरा."

दम धरण्यातच वर्ष गेलं. आठवड्यातून दोनदा डिस्क दिसेनाशी व्हायची. दिसली तर उघडायची नाही, उघडली तर मध्येच थांबायची. दीर खाली येणार, गुडघे धरत वाकणार, प्लग काढून पुन्हा लावणार, आणि जाताना माझ्या ओट्याकडे बघून म्हणणार, "वाफ होते ना इथे. यंत्राला वाफ चालत नाही." मी म्हणणार, "मग मी कच्चं खाते." जाऊ वरून हाक मारणार, "अहो, या आता वर, दोघांचंही वय झालंय." असं आमचं चाललेलं.

आता माझी बाजू लपवत नाही. धुलाईखान्यात एकदा इस्त्रीच्या खोलीला आग लागली होती. एका बाईनं निघताना बटण बंद केलं नाही, आणि दोनशे चादरी आणि तिचा डावा हात जळला. त्यानंतर मी नियम केला, खोलीतून शेवटी निघणारीनं प्रत्येक बटणावर हात ठेवून ते बंद आहे याची खात्री करायची. तो हात अजून थांबत नाही. रोज पाच वाजून दहा मिनिटांनी मी फिरायला निघते, तेव्हा घरातली सगळी बटणं बंद करते. राउटरचंही. दिरांनी त्यावर चिकटपट्टी लावली, 'बंद करू नये' असं लिहून. मी चिकटपट्टीवरून बंद करायची. काही सवय होती. काही सवय नव्हती.

रोज पाच-दहाला वरचं इंटरनेट जायचं. दीर कंपनीला फोन लावायचे. मी परत येताना फाटकापाशीच त्यांचा आवाज ऐकू यायचा. "रोज ठरल्या वेळी सेवा जाते म्हणजे काय? मी या खात्यात हयात घालवली आहे! आमच्या एक्सचेंजमध्ये छत्तीस वर्षांत एकदा, एकदासुद्धा वीज गेली नाही. खाली बॅटऱ्यांची खोली होती, समजलं का बाळा?" मी आत येऊन बटण लावायची आणि चहा ठेवायची. तेव्हा फार छान वाटायचं.

दिरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. जावेनं दुपारचं जेवण ठरवलं. त्यांच्या दोन्ही मुली, जावई, नातवंडं, दिरांचे ऑफिसातले मित्र, सगळे येणार. दीर म्हणाले, "जेवणानंतर आईचा आवाज ऐकवू सगळ्यांना." मी म्हटलं, "निवड मी करते." ते चमकले. नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच कशात भाग घेत होते.

जेवणाच्या आठ दिवस आधी डिस्क गेली ती आलीच नाही. म्हणजे दिसत होती, पण रिकामी. मी वर गेले. दीर म्हणाले, "काळजी करू नका, उद्या करतो." दुसऱ्या दिवशी तिच्यात सिनेमे होते, 'आई' नव्हती. तिसऱ्या दिवशी ते डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि चौथ्या दिवशी मला वर बोलावलं. बोलावलं म्हणजे जिन्यातून ओरडले.

जाऊ ओट्याशी भाजी निवडत होती. दीर टेबलाशी, पुढ्यात फोन.

"बसा, वहिनी."

"मी उभीच बरी."

"दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क लिहीत असताना वीज तोडली. एकदा नाही, शेकडो वेळा. काय कुठे ठेवलंय त्याची यादीच फाटली." त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "डबा बंद झाला की मला निरोप येतो. हे बघा. पाच-दहा. पाच-दहा. पाच-नऊ. पाच-दहा. मी अकरा तक्रारी केल्या कंपनीकडे! अकरा! आणि तुम्ही खाली चहा पीत होतात."

"हो," मी म्हटलं.

"काय हो?"

"मी बंद करत होते. घर सोडताना मी सगळं बंद करते. हे तुम्हाला तीस वर्षं माहीत आहे."

"चिकटपट्टी लावली होती!"

"वाचली मी."

जावेच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आता माझं ऐका," मी म्हटलं. "डिस्क रिकामी दिसली तेव्हा यंत्रानं तुम्हाला काही विचारलं होतं का?"

दिरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मी पण गेले होते त्या दुरुस्तीवाल्याकडे, तुमच्या मागून. तो म्हणाला, यादी फाटली तरी आतलं सापडलं असतं. पण कुणीतरी 'डिस्क पुसून नव्यानं तयार करू का' ला 'हो' दाबलं. आणि वर सिनेमे भरले."

"मला वाटलं, दादानं केलेल्या कॅसेट आहेतच की..." एवढं बोलून त्यांनी जावेकडे पाहिलं.

"कुठे आहेत?"

उत्तर जावेनं दिलं. "वहिनी, त्या मार्चमध्येच भंगारात दिल्या. खोकं फार जागा अडवत होतं."

"दुसरी प्रत?"

"आमच्या एक्सचेंजमध्ये..." दीर म्हणाले.

"चुलीत घाला तुमचं एक्सचेंज."

असं मी त्यांना उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. खुर्ची ओढली आणि बसले.

"सतराव्या कॅसेटवर काय होतं ते तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं. "म्हणूनच पुसलंत."

"नाही ऐकलं."

"तासाला तास लागतो म्हणत होता."

"आवाज बंद करून उतरवल्या."

"एकेचाळीसच्या एकेचाळीस?"

"पहिल्या कॅसेटवर ती खोकली," दीर म्हणाले. "मग मी बंदच केला. लाल दिवा बघत बसायचो नुसता." त्यांनी विचारलं, "काय होतं सतरावर?"

सत्तावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. भरलेल्या टेबलापुढे विचारला जाईल असं वाटलं होतं. इथे समोर निम्मी निवडलेली पालेभाजी होती. तरी मी सांगितलं. चादर, मनगट, आणि मग ते वाक्य, त्यांच्याच आईच्या लयीत, एकही शब्द न गाळता.

दिरांचा चेहरा उतरला. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

मग ते म्हणाले, "त्याआधी दादानं काय विचारलं होतं?"

"काय?"

"दादा प्रश्न विचारायचा ना? आई आपण होऊन बोलायची नाही तेव्हा. काय विचारलं होतं त्यानं?"

"मी चादर बदलत होते," मी पुन्हा सुरू केलं. "त्यांनी माझं मनगट धरलं..."

"चादरीचं आठवतं, मनगटाचं आठवतं, आणि प्रश्न नाही आठवत?" त्यांचा आवाज परत चढायला लागला. "केलं म्हणजे काय केलं? कशाबद्दल चाललं होतं? आई शेवटी शेवटी निम्मा वेळ जुन्या काळात असायची. सोयीचं तेवढं बरं लक्षात राहिलं, वहिनी!"

"अहो, पुरे," जाऊ म्हणाली.

"पुरे का? आमच्या आईनं आम्हाला परकं केलं म्हणतात त्या, माझ्या घरात बसून!"

"तुमच्या म्हणजे वरच्या मजल्यावर," मी म्हटलं आणि उठले.

वाढदिवसाचं जेवण झालं. मी गेले नाही. त्यांनी आता वर वेगळी लाइन घेतली आहे, माझ्या खिडकीवरून जाडजूड तार नेली आहे, आणि डिस्क वगैरे काही नाही. माझ्याकडचा डबा मी परत पाठवला.

पण तो प्रश्न माझ्याकडे राहिला. मला त्या दिवसाची चादर आठवते, निळ्या काठाची, एका कोपऱ्यात रफू केलेली. ती मीच धुलाईखान्याच्या बाद मालातून आणली होती. स्टूल आठवतं. ह्यांची बाही वर दुमडलेली. ह्यांचे ओठ हलतात, ते काहीतरी विचारतात, ऐकू येत नाही, आणि मग एकदम सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर येतो. इतकी वर्षं मी तिथूनच सुरू करत आले. कधी कधी वाटतं, विहिरीबद्दल चाललं असेल. कधी वाटतं, नसेल.

दीर जिन्यात भेटतात. रोज मुद्दाम थांबतात. "आठवलं का, वहिनी?"

"आठवलं," मी म्हणते. "पण तुम्हाला सांगणार नाही."