शेवटच्या माणसाच्या मागे

डोंगरातल्या त्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यात मागे पडलेल्याच्याही मागे एक माणूस असायचा. त्याला कुणी हरवू शकत नव्हतं आणि त्यालाही कुणाला हरवायचं नसायचं. शेवटच्या स्पर्धकाला सांभाळून आणायचं आणि येता येता वाट दाखवायला रोवलेल्या लाल झेंड्या उपटून पाठीवरच्या पिशवीत टाकायच्या, एवढंच त्याचं काम. धावणारी मंडळी त्याला शेपूटकाका म्हणत. काकांनाही ते नाव आवडायचं. डोकं कितीही पुढे गेलं तरी शेपूट आल्याशिवाय जनावर घरी आलं असं कुणी म्हणत नाही, असं ते ऐकवायचे.

काकांनी वीज कंपनीत एकतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले होते. चावरं कुत्रं असो, बंद फाटक असो, की बिलावरून भांडायला टपलेली एखादी बाई असो, एक घर सुटलं नाही. निवृत्त झाले आणि घरात बसून काकूंच्या मागे लागले, हा दिवा का चालू, तो पंखा का चालू. "आता माझं मीटर फिरायच्या आत बाहेर पडा," काकू म्हणाल्या. बाहेर पडलेले काका फिरता फिरता या मॅरेथॉनच्या शेपटाला लागले ते कायमचेच.

शेपटाचा नियम एकच. शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. तो बसला तर आपण बसायचं, तो रडला तर रडू द्यायचं, त्याने डोंगराला शिव्या घातल्या तर होला हो म्हणायचं. नऊ वर्षं काकांनी हा नियम पाळला. दहाव्या वर्षी मोडला, आणि त्या दिवशी एक माणूस घरी गेला नाही.

तो एका ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर होता. उभा जन्म लोकांना "समोर बघा, समोर बघा" सांगण्यात गेलेला, त्यामुळे डोंगरात आल्यावर तो समोर सोडून सगळीकडे बघत होता. दर वळणावर थांबायचा, फोटो काढायचा, काकांना ढगांचे आकार दाखवायचा. काका हसत होते, पण लक्ष घड्याळाकडे. दहा वर्षांच्या सेवेबद्दल त्या दिवशी तीन वाजता काकांचा सत्कार होता. पिशवीत इस्त्रीचा नवा शर्ट होता. मीटर वाचणाऱ्याचा कुणी कधी सत्कार केलाय? माणसाला एकदा तरी वाटतंच. तळ्यापाशी मास्तर दगडावर बसला नि म्हणाला, "काका, तुम्ही व्हा पुढे. मी येतोच निवांत. झेंड्या आहेतच की!"

काका झाले पुढे. झेंड्या तशाच ठेवायच्या आणि सत्कार उरकला की परत येऊन काढायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. पण हात तो हात. दहा वर्षांत अंगवळणी पडलेलं काम, झेंडी दिसली की कंबर आपोआप वाकायची. खिंडीत दोन वाटा फुटतात. अरुंद वाट डावीकडे झाडीतून खाली मैदानात उतरते, रुंद वाट सरळ कड्यावर जाऊन संपते. तिथल्याही झेंड्या पिशवीत गेल्या. मग धुकं उतरलं.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी कड्याखाली सापडला. शोधायला गेलेल्यांत काका सगळ्यांच्या पुढे होते, आणि मागच्यांनी झेंड्यांचं विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच, वर येताना काढल्या मी." ते सगळ्यांना पटलं. काकांवर अविश्वास दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. झेंड्या होत्या, तरी गडी वाट सोडून कड्यावर गेला. फोटोच्या नादात गेला. हौसेला मोल नसतं. मॅरेथॉन भरवणाऱ्या दाताच्या डॉक्टरने तर काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यानेच तुम्हाला जा म्हटलं. तुम्ही तरी काय करणार?"

काका वर्षभर मूग गिळून बसले. जेवण कमी झालं, झोप उडाली, काकूंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट सगळे छान आले. रिपोर्टात असलं काही येत नाही.

यंदा यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून आले. आणि पहाटे अंधारात, सगळे बुटांच्या नाड्या बांधत असताना, दाताच्या डॉक्टरने त्यांना बाजूला घेतलं.

"त्या मास्तरांची बायको आलीय. नाव घातलंय तिने. आयुष्यात कधी धावलेली नाही, शेवटीच राहणार. काका, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे."

काका खाली वाकले आणि बांधलेली नाडी पुन्हा बांधू लागले.

ती एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. चाळिशीची, सडपातळ, नवे बूट, आणि बोलणं असं की सुई टोचून झाल्यावरच कळावं. पहिल्या चढावरच ती सगळ्यांच्या मागे पडली. काका तिच्यापासून वीस पावलं अंतर ठेवून झेंड्या काढत राहिले. दुसऱ्या चढावर ती थांबली आणि वळली.

"तुम्हीच होतात ना गेल्या वर्षी शेवटी?"

"हो, ताई."

"मग लांबून काय चालताय? या की बरोबर. मला कुठे काय होतं ते दाखवा."

नाही कसं म्हणणार? काका बरोबर चालू लागले. ती जरा धावायची, जरा चालायची, आणि प्रत्येक वळणावर थांबून दरीकडे बघायची. खाली धुक्यातून एकेक टेकडी वर येत होती, उन्हं हळूहळू उतारांवर पसरत होती. कुणालाही दोन घटका बसावंसं वाटेल असं ते होतं. ती मात्र खरेदीला आल्यासारखी बघायची आणि मान हलवून पुढे निघायची.

"धावायची आवड आहे?" काकांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"छे हो. मला बघायचंय, आमच्यापेक्षा चांगलं काय होतं इथे."

काका पुढच्या झेंडीकडे वळले.

"नवरा गेला की बायको रडते ना? मी नाही रडले," ती चालता चालता म्हणाली. "मला रागच आला. अजून येतो. घरी सोळा वर्षांची पोर आहे, आजारी सासू आहे, आणि हा माणूस सरळ वाट सोडून फोटो काढायला कड्यावर जातो. भिंतीवर फोटोसुद्धा लावू देत नाही पोरगी. म्हणते, बाबांना आपण नकोच होतो, डोंगर हवे होते. मी काय सांगणार तिला? मलाही तेच वाटतं. आज ओढून आणलंय तिला, खाली मैदानात बसलीय कानात गाणी घालून."

काकांनी दोन झेंड्या काढल्या. तिसरी इतक्या जोरात ओढली की तिची तारेची काडीच वाकली.

दुपारी तळ्यापाशी पोहोचले तेव्हा वेळ संपत आली होती. पाण्याच्या टेबलावरची पोरं आवराआवर करत होती. त्यांनी दोघांना उकडलेले बटाटे आणि मीठ दिलं. ती त्याच दगडावर जाऊन बसली. तो कोणता ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण बसण्यासारखा तिथे तो एकच होता. काका उभेच राहिले.

"एक गोष्ट मला कळली नाही," ती बटाटा सोलत म्हणाली. "त्याचा फोन बॅगेत सापडला. बॅगेची चेन लावलेली. मी तेव्हा सगळ्यांना विचारलं, फोटो काढताना पडला तर फोन हातात नको का? म्हणाले, ताई, तुम्ही त्रास नका करून घेऊ. मग मीही सोडून दिलं. कशाला उकरायचं?"

काकांना वाटलं, हीच वेळ. मग वाटलं, बटाटा तरी खाऊ दे. मग वाटलं, खिंड गेल्यावर सांगू. एका वर्षात माणूस पुढे ढकलायला इतका तरबेज होतो की त्याचं त्यालाच हसू यावं. ती उठली, हात झटकले आणि निघाली. काका मागून चालत होते आणि खिंड जवळ येत होती.

खिंडीत यंदा झेंड्यांबरोबर दोरीही बांधली होती, रुंद वाटेवर आडवी. ती दोरीपाशी थांबली. पलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं.

"इथूनच गेला?"

"हो."

"एवढ्या झेंड्या असून?"

"नव्हत्या," काका म्हणाले.

ती वळली.

"झेंड्या नव्हत्या, ताई. मी काढल्या होत्या. तो मागे होता, आणि मी पुढे जाताना काढत गेलो. सवयीने. नंतर सगळ्यांना खोटं सांगितलं. त्याने वाट सोडली नाही. त्याला वाट दिसलीच नाही."

एवढं बोलून काका थांबले असते तरी चाललं असतं. एवढंच त्यांनी वर्षभर स्वतःलाही सांगितलं होतं. पण तोंड उघडल्यावर ते मिटेना.

"सवयीने हे पण खोटं आहे. तळ्यापासून इथपर्यंत सवयीने. इथे आल्यावर मला कळलं. हातात झेंड्या बघितल्या आणि कळलं की हे काय करून बसलो. परत रोवायला फार तर दोन मिनिटं लागली असती. पण खालून माइकवर माझं नाव पुकारत होते. मी म्हटलं, येईलच मागून, दिसेल त्याला वाट. आणि गेलो."

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

"दोन मिनिटं."

तिने त्यांच्या थोबाडीत मारली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. ती दोरीला धरून हळूहळू खाली बसली.

"आवाज दिला असेल त्याने," ती म्हणाली. "झेंड्या दिसेनात म्हटल्यावर हाका मारल्या असतील. तुम्हालाच मारल्या असतील."

"मारल्या असतील. खाली बँड वाजत होता. मला ऐकू नाही आल्या."

आणि मग ती रडायला लागली. एका वर्षाचं एकदम. काका समोर उभे होते, त्यांच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती नवऱ्याशी बोलत होती, आणि ज्या नावाने बोलत होती ते घरातलं होतं, चारचौघांत न घ्यायचं. मी तुझे शर्ट देऊन टाकले रे, म्हणत होती. सगळे देऊन टाकले, रागाने. एकही ठेवला नाही. वर्षभर तुला नाही नाही ते बोलले आणि तू बिचारा इथे वाट शोधत फिरत होतास.

काकांना वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. लोक तसंच सांगतात. पण उतरलं काहीच नाही. उलट आत्तापर्यंत त्यांना आपला गुन्हा तेवढा दिसत होता, त्या बाईचं काय गेलं ते आज दिसलं. नवरा गेला होता, आणि वर त्याच्यासाठी रडायचं तेही काकांनी काढून घेतलं होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली. तोंड पुसलं.

"पोलिसांना, तुमच्या डॉक्टरला, कुणाला सांगायचं ते उद्या सांगा. त्याच्याशी मला आज काही घेणं नाही. आज माझ्या पोरीला सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा, तुमच्या तोंडाने."

"सांगतो."

"सगळं. दोन मिनिटांसकट."

उरलेली वाट ती धावली. खरोखर धावली, धडपडत, एकदा पडून, गुडघा फोडून घेऊन. वेळ केव्हाच संपली होती. मैदानात पोहोचले तेव्हा कमान उतरवायचं काम चाललं होतं, खुर्च्या एकात एक रचून झाल्या होत्या. दोघं दिसताच दाताच्या डॉक्टरने एकट्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तिचा चेहरा बघून थांबला.

एका उरलेल्या खुर्चीवर पोरगी बसली होती. आईचा गुडघा बघून ती कानातलं काढत उठली. "झालं समाधान? आता तू पण पड कुठेतरी. मग मी आहेच आजीला सांभाळायला."

"हे काय सांगतायत ते ऐक," आई म्हणाली आणि बाजूला झाली.

काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं, तळ्यापासून कड्यापर्यंत, झेंड्या, माइक, दोन मिनिटं, बँड, नंतरचं खोटं. डॉक्टर मागे येऊन उभा राहिला होता, त्याने आ वासला होता. तिकडे काकांनी बघितलं नाही.

सांगून झालं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आता ती ओरडेल, मारेल, काय करायचं ते करेल. पण ती काहीतरी जुळवत असल्यासारखी उभी होती.

"म्हणजे बाबा फोटो काढायला गेले नव्हते?"

"नाही, बाळा. फोन बॅगेत होता."

"मग त्या वाटेने कुठे चालले होते?"

काकांनी वर बघितलं. ती बापाच्या तोंडवळ्याची होती, हे त्यांना आत्ता दिसलं.

"इकडेच," ते म्हणाले. "तुमच्याकडेच येत होते ते."