पान बासष्ट: आपल्यापुरते

मला काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं, त्यात मास्तरांचा फायदा काय झाला? माझे कोपरे शाबूत राहिले आणि ‘नाही’ म्हणायला त्यांची जीभ चांगली सरावली. एवढंच.

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. बाराशे पानं, तांबड्या कापडाची बांधणी. माझी पानं दोऱ्याने शिवून झाली तेव्हा बांधणारा कारागीर म्हणाला होता, “हा म्हातारा होईल, पण मोडायचा नाही.” शाळेत मी मास्तरांच्या टेबलावर असे. मुलं माझ्यावर तुटून पडत. एकदा ‘शाई’चा अर्थ शोधताना कुणीतरी माझ्यावर शाईच सांडली. त्याच संध्याकाळी मास्तरांनी मला घरी नेलं. पुढची तीस वर्षं मी काचेतून समोरचं घड्याळ वाचत बसलो.

मास्तरांची धाकटी बहीण शेजारच्या खोलीत राहते. पन्नाशी उलटली, तरी घरात ती चिमीच. ती इस्पितळाच्या शिलाईखान्यात चादरी शिवते. तिथल्या मुख्य बाई निवृत्त होताना तिची शिफारस लिहून गेल्या: ‘या बाई आपल्यापुरते चोख पाहतात.’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाहीत. नव्या साहेबांनी मात्र अर्थ लावला, की ही बाई फक्त स्वतःचं बघते. झालं! चिमीच्या हातातलं मुख्यपद निसटू लागलं.

“दादा, कोश दे. साहेबांना दाखवून आणते.”

“कोश घराबाहेर जात नाही. हवं तर उतरवून घे.”

“माझ्या अक्षरातला अर्थ कोण खरा मानेल? मग तूही चल. धर त्याला पोटाशी आणि बस तिथे!”

मास्तर आले. बहिणीसाठी कमी, माझ्यावर नजर ठेवायला जास्त.

साहेबांनी पान बासष्ट उघडून मोठ्याने वाचलं. “आपल्यापुरते. एक: स्वतःच्या वाट्याचे असेल तेवढेच. दोन: दुसऱ्याचा विचार न करता, कोत्या मनाने.” मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, इथे तर दोन्ही आहेत. तुम्ही कितव्या?”

शब्दाचा अर्थ मी सांगेन. माणसाचा कुठून सांगू?

“साहेब,” चिमी म्हणाली, “हा कोश माझ्या भावाचा. तीस वर्षांत शेजाऱ्याला याचं पान उलटू दिलं नाही. दुसरा अर्थ हा तुमच्यासमोर बसलाय. मी पहिला. बोलावल्याशिवाय कुणाच्या मशीनला हात लावत नाही, आणि बोलावलं तर नाही म्हणत नाही.”

दारात जमलेल्या शिलाईखान्यातल्या बाराजणी खुसखुसल्या. “आमच्या सुया तीच ओवते हो!” एक म्हातारी ओरडली. साहेबही हसले आणि त्यांनी चिमीच्या नेमणुकीवर सही केली.

वाटेत मास्तरांनी हळूच विचारलं, “चिमे, मी खरंच दुसरा?”

“सकाळपर्यंत होतास.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला शिलाईखान्याच्या फळीवर आणून ठेवलं. आता माझ्या पानांत खडूची पूड आहे, दोऱ्याचे तुकडे आहेत, एक कोपराही गेलाय. मित्रांनो, पुस्तक जरूर जपा, हात पुसून घ्या, थुंकी लावून पान उलटू नका. पण कुलपात जपू नका.

चिमीला मुख्यपद मिळालं, बाराजणींना मी मिळालो, मला माणसं मिळाली. किंमत मोजली ती मास्तरांनी: दोन लाल कान, आणि पान बासष्टवर दुसऱ्या अर्थापुढे पेन्सिलीने स्वतःच लिहिलेला एक शब्द, ‘सकाळपर्यंत’.