अखत्यारीबाहेर

आखातात, राई भागातल्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट कोसळली आणि नाझियाच्या नवऱ्याचा, झहूरचा, उजवा हात चिरडला. कामगार खात्यात जायचं आणि मालकाकडून भरपाई मागायची, इतकं ते सरळ होतं. पण मध्ये शशिकांतसाहेब तडमडले. मंगफ भागात राहणारे, मूळचे पुण्याचे, तेल कंपनीतले इंजिनिअर. लिफ्टवरचा अमेरिकेचा झेंडा त्यांनी पाहिला आणि त्यांच्या अंगात वकील संचारला. व्हिडिओ बघून बघून गृहस्थ घरबसल्या अमेरिकेच्या फेडरल कोर्टाचे जावई झाले होते.

"इथे अरबीत काय डोंबल कळणार तुम्हाला? फिर्यादी परदेशी, कंपनी अमेरिकन, दावा मोठा. झाला की फेडरल कोर्टाचा अखत्यार सिद्ध! इथे अर्ज केलात तर तिथली केस बिघडेल. गप्प राहा."

झहूर गप्प राहिला. अमेरिकेत दावा दाखल झाला आणि इथली मुदत टळून गेली.

आज शुक्रवारी दोघं शशिकांतसाहेबांच्याच हॉलमध्ये बसलेली असताना अमेरिकेतल्या वकिलाचा फोन आला. दावा उंबऱ्यावरच फेटाळला होता. लिफ्ट बनवणारी कंपनी निघाली शारजाची, अमेरिकन होता तो फक्त स्टिकर. परदेशी माणसाचा परदेशी कंपनीवरचा असा दावा ते कोर्ट ऐकूनच घेत नाही. चूक कुणाची, हात कुणाचा गेला, हे विचारायची वेळसुद्धा आली नाही.

"तांत्रिक मुद्दा आहे हो," चहाचा घोट घेत शशिकांत म्हणाले. "अपील करू."

नाझियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी अक्कल पाजळली, पण कंपनी कुठली हे बघायचं या शहाण्याला सुचलं नव्हतं.

"अपील ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "परवा आमच्याबरोबर कामगार खात्यात चला. इथला वकील म्हणतो, उशिराचं कारण पटलं तर ऐकतील. तुमी फक्त सांगा, मीच यांना थांबवलं."

"मी? सरकारी कागदावर माझं नाव?" साहेबांचा चेहरा पडला. "वहिनी, माझा इकामा, इथे राहायचा परवानाच, कंपनीच्या हातात आहे. शिवाय हे..." ते शब्द शोधू लागले, आणि तो सापडताच पुन्हा ताठ बसले. "हे माझ्या अखत्यारीत येत नाही."

नाझियाने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

झहूरने मान डोलावली. "बरोबर हाय साहेबांचं," तो म्हणाला.