वाचनालयातल्या चिमण्या

"मॅम, कोई भी चलेगी, बस पतली होनी चाहिए."

हे वाक्य ऐकलं की हल्ली मीनाक्षीचं डोकं सटकायचं, आणि हे वाक्य तिला दिवसभर ऐकावं लागायचं. मधली सुट्टी झाली की सहावी-सातवीतली पोरं लायब्ररीत घुसायची, कपाटातून पुस्तक ओढायची, भाजीवाल्याकडे भेंडी बघावी तसं ते चिमटीत दाबून बघायची आणि जाड निघालं की परत कोंबायची. नाव बघायचं नाही, चित्र बघायचं नाही. जाडी बघायची. नोएडातल्या त्या बड्या शाळेत मीनाक्षी ग्रंथपाल होती. चांगली पुस्तकं यावीत म्हणून तिने वर्षानुवर्षं भांडण केलं होतं, आणि आता ती सगळी चांगली पुस्तकं जाड असल्याच्या गुन्ह्याखाली वरच्या फळीवर धूळ खात होती.

सगळ्यात जास्त चीड कशाची असेल, तर याची, की हे कारस्थान दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं.

झालं होतं असं. दिवाळीनंतर नेहमीसारखी दिल्लीची हवा बिघडली. मैदानाच्या पलीकडची इमारत दिसेनाशी झाली, खेळाचे तास बंद झाले. पी. टी. च्या धीरज सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि वर्गच्या वर्ग लायब्ररीत आणून सोडले. "मॅम, बस बिठा के रखिए," एवढंच म्हणून ते चहाला गेले. पहिले काही दिवस नुसता कोंडवाडा झाला होता. मीनाक्षी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. मग एक दिवस ती कंटाळली आणि गप्प बसली. काय करायचं ते करा म्हणाली. पोरांनाही दंगा करून कंटाळा आला. कुणी सतरंजीवर पालथं पडलं, कुणी कपाटाला टेकलं, आणि दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे हळूहळू वाचायला लागलं. मीनाक्षीने त्यांना काही विचारलं नाही, सांगितलं नाही. इतक्या वर्षांत वाचनाची गोडी लागावी म्हणून तिने भाषणं केली, पोस्टर लावली, पाहुणे बोलावले; ते सगळं एकीकडे आणि ही विषारी हवा एकीकडे.

त्यांत इशिता होती. सहावीतली. तिची आई अक्षया एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मीनाक्षीच्या ओळखीची झालेली. इशिता मंडळात तिला मावशी म्हणायची आणि शाळेत मॅम. या पोरीने कुठून तरी एक जाडजूड, पाठ फाटलेली कादंबरी शोधून काढली. दीपगृहात आपल्या तिरसट आत्याबरोबर राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट. इशिताने ती वाचली, मग परत वाचली, मग मधूनच उघडून वाचायला लागली. आवडती जागा यायच्या आधीच ती हसायला लागायची. पुढे काय आहे ते ठाऊक असल्यामुळे ती वाट बघत हसायची. मीनाक्षी टेबलामागून ते बघायची आणि तिचा दिवस चांगला जायचा.

इथे तिने हात बांधून बसायला हवं होतं. पण आनंद झाला की काहीतरी उपक्रम केल्याशिवाय शिक्षकाला चैन पडत नाही. मीनाक्षीने भिंतीवर विजेच्या तारांसारखे लोकरीचे लांब धागे ताणले, रंगीत कागदाच्या चिमण्या कापल्या आणि जाहीर केलं की पुस्तक वाचून झालं की आपल्या नावाची एक चिमणी तारेवर बसवायची. बस, गंमत म्हणून. पोरं खूश झाली. आठवडाभर भिंत खरंच सुंदर दिसली.

मग बत्रा मॅडमनी ती भिंत पाहिली.

बत्रा मॅडम प्राचार्या. बाई वाईट नव्हत्या, पण कुठलीही गोष्ट चांगली चाललेली दिसली की ती आणखी चांगली करायचा त्यांना आजार होता. त्यांनी फोटो काढून शाळेच्या पेजवर टाकले. मग चिमण्या चारही हाऊसमध्ये वाटल्या, म्हणजे लाल हाऊसच्या लाल, निळ्याच्या निळ्या. मग प्रत्येक चिमणीला गुण आले. मग खोटेपणा होऊ नये म्हणून प्रत्येक पुस्तकावर प्रश्न आले. मग पालकांना दर शुक्रवारी मोबाइलवर कळायला लागलं की आपल्या दिवट्याने किती चिमण्या बसवल्या.

"मॅम, ये तो प्लेझर के लिए था," मीनाक्षी एकदा धीर करून म्हणाली.

"बिल्कुल! प्लेझर ही तो है," बत्रा मॅडम म्हणाल्या. "लेकिन प्लेझर का भी कुछ आउटपुट तो दिखना चाहिए ना?"

मीनाक्षीने डोक्याला हात लावला आणि आणखी चिमण्या कापायला घेतल्या.

इशिताच्या नावाची तारेवर एकच चिमणी होती. एका पुस्तकाला एकच चिमणी, असा नियम. तेच पुस्तक परत वाचलं तर काही नाही. तिच्या हाऊसची पोरं तिला सुनवायला लागली. अंकुर नावाचा कॅप्टन तर रोज येऊन तिच्यासमोर उभा राहायचा. "यार, तू वही किताब लेके बैठी है? हम हार रहे हैं तेरी वजह से." इशिता पुस्तक थोडं वर धरायची, म्हणजे त्याचं तोंड दिसू नये. मीनाक्षीने त्याला दोनदा हाकललं. पण मग शुक्रवार आला, अक्षयाच्या मोबाइलवर आकडे गेले, आणि शनिवारी पालक-सभेला अक्षया तरातरा लायब्ररीत आली.

"मीनाक्षीताई, घरचं माणूस म्हणून विचारते, इशिताला वाचनात काही प्रॉब्लेम आहे का?"

"प्रॉब्लेम? अगं, अख्ख्या शाळेत खरं वाचणारी तेवढी एकच आहे."

"मग ती लास्ट का आहे?"

"ती पुन्हा पुन्हा वाचते म्हणून. आवडतं तिला ते."

"तेच तर! एकच पुस्तक घेऊन बसते. रात्री उशाशी घेऊन झोपते. मी काढून घेतलं आणि आज परत आणलंय, हे बघा." अक्षयाने पर्समधून ती फाटकी कादंबरी काढून टेबलावर ठेवली. "आता तिला जरा वेगवेगळी द्या. छोटी छोटी द्या ना सुरुवातीला. कॉन्फिडन्स येईल."

मीनाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खूप काही बोलू शकली असती. पण काय म्हणून बोलणार? अक्षयाने हे चिमण्यांचं खूळ काढलं नव्हतं. ती बिचारी ऑफिसात फायलींचा निपटारा करते तसा लेकीच्या वाचनाचा निपटारा करायला आली होती, आणि निपटारा मोजायची पद्धत तिला लायब्ररीनेच पुरवली होती.

"अगं, तिला तेच वाचू दे. हरली तर हरली," मीनाक्षी एवढंच म्हणाली.

"ताई, तुमचं बरोबर आहे. पण मुलं तिला चिडवतात हो," अक्षया म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

सोमवारपासून इशिता पातळ पुस्तकांच्या रांगेत उभी राहिली. हुशार पोर, पटकन शिकली. आधी प्रश्न वाचायचे, मग उत्तरं शोधत पानं उलटायची, सापडली की पुस्तक मिटायचं. चिमण्या भराभर वाढल्या. अंकुर तिला मधल्या सुट्टीत स्वतःची फ्रूटी द्यायला लागला. अक्षयाचा मेसेज आला, हात जोडलेल्या चित्रासकट: 'थँक यू ताई, खूप फरक आहे.' फरक होताच. ती पोरगी आता एकदाही हसत नव्हती. मीनाक्षीने मुद्दाम लक्ष ठेवलं होतं.

फेब्रुवारीत वाचन-उत्सव झाला. फुगे, पडदा, साउंड सिस्टिम. सहावीतून इशिता पहिली आली. बत्रा मॅडमनी तिच्या गळ्यात पदक घातलं, हातात चकचकीत कागदात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा दिला आणि माइक पुढे केला.

"तो बेटा, अब आगे कौन सी किताब पढ़ोगी?"

इशिताने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "मॅम, कॉम्पिटिशन तो खत्म हो गई ना? अब तो नहीं पढ़ना पड़ेगा?"

सगळं सभागृह खो खो हसलं. बत्रा मॅडमही हसल्या, हाऊ क्यूट म्हणाल्या. पहिल्या रांगेत अक्षया मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होती, तीही हसत होती. मीनाक्षी मागे खांबाजवळ उभी होती. पोरगी विनोद करत नव्हती. तिने अगदी सरळ, सुटकेसाठी विचारलं होतं. मीनाक्षीला वाटलं, पुढे जावं आणि सगळ्यांना एकेक ठेवून द्यावी, आणि पहिली स्वतःला.

सभागृह रिकामं व्हायच्या आत ती लायब्ररीत आली आणि भिंतीवरची लोकर ओढून काढली. गाठी सुटेनात तेव्हा कात्री चालवली. सगळ्या चिमण्या रद्दीच्या पोत्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी बत्रा मॅडमनी बोलावलं, भिंत उघडी का म्हणून विचारलं.

"मॅम, ये मैंने ही शुरू किया था, मैंने ही बंद किया," मीनाक्षी म्हणाली. "अप्रैल तक मुझे इनसे कुछ भी नहीं पूछना है."

"और मैं पेरेंट्स को क्या दिखाऊँ?"

"कुछ मत दिखाइए."

मॅडमना हे वाक्य कळायला थोडा वेळ लागला. मग वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, एप्रिलमध्ये बघू, म्हणून त्यांनी विषय टाळला.

सहावीचा लायब्ररीचा तास आला. मीनाक्षीने सांगून टाकलं की आजपासून गुण नाहीत, प्रश्न नाहीत, चिमण्या नाहीत. पोरं संशयाने बघत राहिली.

"तो फिर पढ़ने से मिलेगा क्या?" अंकुरने विचारलं.

"कुछ नहीं."

"तो नहीं पढ़ें तो?"

"मत पढ़ो."

आणि खरोखरच कुणी वाचलं नाही. असं काही तरी सुंदर होईल, पोरं आपण होऊन कपाटाकडे वळतील, अशी आशा मीनाक्षीने मनात बाळगली असेल तर ती तासाभरात धुळीला मिळाली. अंकुर सतरंजीवर झोपला. दोघी-तिघींनी वेण्या घातल्या. बाकीच्यांनी पेनांची क्रिकेट मॅच लावली. इशिता खिडकीशी बसून बाहेर बघत होती. दीपगृहाची कादंबरी तिच्या हाताशी येईल अशी, सहज पडल्यासारखी, मीनाक्षीने सकाळीच ठेवली होती. पोरीने ती बाजूला सरकवली आणि तिथे कोपर टेकलं. मीनाक्षी जीभ चावून बसली. बोलायचं नाही म्हणजे नाही. तिच्या आयुष्यातला एवढा लांब तास दुसरा झाला नव्हता.

दिवसाची शेवटची घंटा झाली, वर्ग धावत सुटला. इशिता मात्र दप्तर आवरत रेंगाळली. दारापर्यंत गेली आणि परत आली. खोलीत दोघीच होत्या, तेव्हा ती मराठीत बोलली.

"मावशी, ते पुन्हा नाही ना लावणार तुम्ही? चिमण्या?"

"नाही गं."

"बिल्कुल नाही? आणि मम्मीला मेसेज पण नाही जाणार?"

"नाही जाणार. का?"

इशिताने दाराकडे पाहिलं. मग जरा जवळ आली. "मी ना, बसमध्ये एक वाचते. आठवीतल्या अनुष्कादीदीचं आहे. खूप जाड आहे. संपू नये म्हणून मी हळूहळू वाचते. फक्त बसमध्ये."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

म्हणजे सगळा वेळ. पातळ पुस्तकांच्या रांगेत उभी होती तेव्हा, पदक घेतलं तेव्हाही. मीनाक्षीला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रडू आलं.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? मला किती बरं वाटलं असतं!"

इशिताला तिची थोडी दया आल्यासारखं दिसलं.

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्याची पण चिमणी केली असती ना."

मीनाक्षीने तोंड उघडलं. कुठलं पुस्तक, कशाबद्दल आहे, कुठपर्यंत आलीस, आवडलं का, सगळे प्रश्न तिच्या ओठांवर येऊन उभे राहिले. तिने ते एकेक करून गिळले.

"बस सुटेल तुझी," ती म्हणाली. "जा पळ."