उसन्या पिशव्या

जिना चढून आल्यावर लुआनने खांद्यावरची कापडी थैली उतरवली, सफरचंदं वर घेतली आणि पिवळ्या कागदांचा गठ्ठा तळाशी दाबला. मेलेल्या माणसासाठी जाळायचे कागद दारातच दिसणं बरं नव्हे. हुओच्या दारावर नववर्षाच्या लाल पट्ट्या अजून तशाच होत्या. घरात माणूस गेला की त्या काढतात. घरच्या बाईला सवड झाली नसेल, असं त्याला वाटलं.

हुओच्या बायकोने पिठाचे हात पुसत दार उघडलं.

"शूलानचा नवरा ना तुम्ही? या. कशी आहे ती?"

"आहे, वहिनी."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. शूलानचं आतडं कापून डॉक्टरांनी पोटाला भोक ठेवलं होतं. त्यावर मळ साठायला चिकटवलेली पिशवी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची असते. विमा कचेरीतल्या मुलीने गोड आवाजात समजावलं होतं, "काका, ऑपरेशन पोटाच्या आत झालं, त्याचे पैसे आम्ही देतो. पिशवी पोटाच्या बाहेर असते." चांगल्या पिशव्या परवडत नव्हत्या. शूलान एकच पिशवी धुऊन धुऊन लावी. ती गळे, आणि भोकाभोवतीची कातडी सोललेल्या टोमॅटोसारखी झाली होती. आताशा ती जेवण टाळू लागली होती. जेवलं नाही तर पिशवी भरत नाही.

"हुओला आता पिशव्या लागत नाहीत," असं शेजारच्या जिन्यातल्या फांगमावशी कोबी निवडता निवडता म्हणाल्या होत्या. त्यावरून जे समजायचं ते लुआन समजला होता.

"हुओदादांच्या पिशव्या उरल्यात म्हणे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आम्हाला द्याल का?"

"नाही."

"फुकट नको, वहिनी, आम्ही..."

"देणारही नाही आणि विकणारही नाही. केस पिकले की तुमचे. तुमच्या आईने काढ्याचं मडकं कधी कुणाला दिलेलं पाहिलंत?"

लुआनचे कान तापले. काढ्याचं मडकं कुणी कुणाला देत नसे. दिलं तर दुखणंच दिल्यासारखं. ज्याला गरज असेल त्याने यायचं, उसनं मागायचं आणि न्यायचं. परतही करायचं नाही. पुढचा कुणी मागायला येईपर्यंत ते त्याच्याच घरी राहायचं.

"चुकलो," तो म्हणाला. "उसन्या न्यायला आलोय."

"मग असं बोला की."

तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.

"म्हणाला का उसनं?"

लुआन उभा राहिला. बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणाले," ती आत बघून मोठ्याने म्हणाली.

"पाठव इकडे."

रजईखाली हुओ उरलाच नव्हता जणू. नुसतं डोकं उशीवर ठेवल्यासारखं दिसत होतं.

"ये. घाबरू नकोस, अजून आहे मी."

"दादा, तुम्हाला लागतील की त्या."

"कशाला? आत काही जात नाही, बाहेर काय यायचं? एक लावलेली आहे, ती पुरेल." तो हसायला गेला आणि बराच वेळ खोकत राहिला. "मी आहे तोवर ते उसनं. मी गेलो की मेलेल्याचं सामान. तुझी बायको लावेल का मग?"

लुआनने मान हलवली. शूलानने हात लावला नसता.

"मग ने. आणि परत आणू नकोस."

"नाही आणणार, दादा."

तो बाहेर आला तेव्हा बाईने पिशव्यांचे खोके टेबलावर मांडून ठेवले होते आणि ती त्याची थैली रिकामी करत होती. "मी भरतो," असं तो म्हणेपर्यंत सफरचंदं निघाली होती, आणि त्यांच्यामागून गठ्ठाही.

बाई थांबली. मग तिने पिवळ्या कागदांचे दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ केले, गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाजूला ठेवला. सगळे खोके थैलीत नीट बसवले.

दाराशी तिने थैली त्याच्या खांद्याला अडकवली.

"शूलानला आज पोटभर जेवू घाला."

"हो."

मग तिने वर्तमानपत्राचं पुडकं त्याच्या हातात दिलं.

"हे मात्र परत आणा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "नंतर."